गिटारमध्ये दोष निघावा म्हणून

सासरे जेवता जेवता म्हणाले, "माप्पिळ्ळै, गिटारचा सूर हलतो. एका ठायी राहीना. तो व्हायब्रेटो बदलून द्या की." आणि मी तोंडातला घास गिळायच्या आत हो म्हणून टाकलं. बायकोने वळून माझ्याकडे पाहिलं, कारण मी कुठल्याही कामाला असा पटकन हो म्हणणारा माणूस नाही. साधा बल्ब बदलायचा तरी मी मेन स्विच बंद करतो, स्टुलाचे पाय चाचपतो आणि स्टूल धरायला खाली कुणाला तरी उभं करतो. सांगलीला मला सगळे भागूबाई म्हणायचे. लग्नानंतर चेन्नईला सासरीच राहू लागलो, तर ती पदवी माझ्या मागोमाग तिथेही येऊन पोचली. घरात कुणी मांजराला दचकलं, रस्ता ओलांडताना कुणी मागे सरलं, की सासरे हसून म्हणायचे, "ते नको. घाबरायचं खातं आमच्या माप्पिळ्ळैकडे आहे." माप्पिळ्ळै म्हणजे जावई. मीही हसायचो. हसण्यावारी नेलं की बरं पडतं.

त्या दिवशी हो म्हणण्याचं कारण मात्र वेगळं होतं. सूर कशाने हलतो याचा मला अंदाज आला होता, आणि तो अंदाज सपशेल खोटा ठरावा असं मला मनापासून वाटत होतं. सासऱ्यांच्या उजव्या हातात काहीतरी बिघडत चाललंय, अशी मला भीती होती. ती मी कुणालाही बोलून दाखवली नव्हती. गिटारमध्ये दोष निघाला असता तर आम्ही सगळेच सुटलो असतो, म्हणून मला ती गिटार उघडून पाहायची घाई झाली होती.

सासरचं घर मैलापुरात, देवळाच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. ही तंजावरकडची मराठी माणसं, कैक पिढ्या तिकडचीच. बायको आणि मी एकाच कंपनीत होतो. मी मोटारींच्या स्प्रिंगा तपासायचो, ती हिशेबात होती. पहिल्यांदा ती माझ्याशी मराठीत बोलली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी जुन्या बखरीतलं मराठी तमिळ हेल काढून वाचतंय. सासऱ्यांची हयात जॉर्ज टाउनमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या हपिसात गेली. तरुणपणी बंदरावर उतरलेल्या कुणा खलाशाकडून त्यांनी एक लाल इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. दिवसा हपीस आणि संध्याकाळी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार, असं त्यांचं आयुष्य. हा माणूस कशाला म्हणून भ्यायचा नाही. भर मंडपात पाऊस शिरून वायरींत करंट उतरला आणि बाकीची मंडळी स्टेजवरून उड्या टाकून पळाली, तरी ते झटके खात गाणं पुरं करून उठले, ही गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत. ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा, आणि तो पाहायला मजा येते म्हणून ते पुन्हा सांगत.

आता हाताबद्दल सांगतो. मैलापुरात बसल्या बसल्या कुणाचा हात हलला तर कुणी दचकत नाही. तिथे बसथांब्यावर, बँकेच्या रांगेत, देवळाच्या कट्ट्यावर, कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात एखादं कर्नाटकी गाणं चालू असतं आणि बोटं मांडीवर ताल मोजत असतात. त्यामुळे सासरे टीव्हीसमोर बसले असताना खुर्चीच्या हातावर ठेवलेला त्यांचा उजवा हात हलायला लागला, जपमाळ ओढावी तसा अंगठा तर्जनीवर फिरायला लागला, तेव्हा सगळे धरूनच चालले की अप्पांचा ताल चाललाय. माझा आणि तालाचा संबंध आरतीत टाळ्या वाजवण्यापुरता, आणि त्याही चुकतात. म्हणून मी तो हात ताल म्हणून पाहिलाच नाही, नुसता हात म्हणून पाहिला. टीव्हीवर गाणं लागलं तरी गती तीच, बातम्या लागल्या तरी तीच, साबणाची जाहिरात लागली तरी तीच. कॉफीचा टंबलर उचलला की हात थांबायचा. टंबलर खाली ठेवला की पुन्हा सुरू. थरथरणारी यंत्रं बघण्यात माझा दिवस जातो. चालवणाऱ्याच्या मनात नसताना चालणारी वस्तू मला लगेच कळते.

मी बायकोला एकदा आडून विचारलं, "अप्पा कुठला ताल धरतात गं?"

ती म्हणाली, "सांगून तुला कळणार आहे का?"

मग मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधलं. कंपवातावरची दोन पानं वाचली आणि कुणी पाहत नसतानाही घाईघाईने खिडकी बंद केली. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये समोर रस्समभात होता आणि मला घास जाईना. आपण वाचलं ते विसरता आलं तर किती बरं, असं मला वाटत राहिलं. कुणाला सांगायचं म्हटलं तर हसू होणार, आणि हसू झालं नाही तर त्याहून वाईट होणार. शिवाय मी पडलो जावई. लेकीच्या बापाला "तुमचा हात दाखवून या" म्हणायला काही तोंड लागतं.

व्हायब्रेटो म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं. साध्या गिटारच्या तारा लाकडावर पक्क्या बसवलेल्या ब्रिजला अडकवतात. या जातीच्या गिटारमध्ये तो ब्रिज पक्का नसतो, तराजूसारखा तोललेला असतो. एका बाजूने तारा त्याला ओढतात, उलट्या बाजूने गिटारच्या पोटातल्या स्प्रिंगा ओढतात. ब्रिजला एक दांडी असते. ती दाबली की तोल जातो, तारा सैल पडतात आणि सूर लाटेवर गेल्यासारखा खालीवर होतो. वाजवणाऱ्याला हवा तेव्हा हलावा, एरवी थिर राहावा, हे त्यातलं कौशल्य. पण तराजूच तो. वाजवताना उजवा तळवा त्यावर टेकवायची ज्याला सवय आहे, त्याचा तळवा जरा हलला तरी सगळ्या तारांना ते कळतं. सासऱ्यांना तीच सवय होती.

मी आधी जुन्या स्प्रिंगा काढून कंपनीत नेल्या. मोटारींच्या स्प्रिंगा जिथे तपासतो तिथेच, सगळे चहाला गेलेले पाहून, त्या मशीनवर लावल्या. ओढ कमी निघावी, एखादी वाकडी निघावी, कुठे चीर दिसावी. काही नाही. इतक्या वर्षांनंतरही स्प्रिंगा ठणठणीत होत्या. चांगला माल हातात धरून रडकुंडीला येण्याची ती माझी पहिलीच वेळ.

घरी येऊन मी म्हणालो, "स्प्रिंगा जरा थकल्यात."

"मी म्हटलं नव्हे?" सासरे म्हणाले, आणि असे खुलले की रात्री त्यांनी सासूबाईंकडे आणखी एक अप्पळम, म्हणजे पापड, मागून घेतला.

कंपनीतला एक सहकारी ट्रेनिंगसाठी कोरियाला गेला होता. त्याला निरोप धाडून मी नवा व्हायब्रेटो मागवला. तो आला तेव्हा नवरात्र सुरू झालं होतं. दिवाणखान्यात कोलू मांडलेला, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर रचलेल्या बाहुल्या. त्यात देव होते, वाणी-वाणीण होते, एक क्रिकेटची टीमही होती. पायऱ्या लाकडी आणि फरशी जुनी, त्यामुळे कोलू डुगडुगायचा. म्हणून सासऱ्यांनी सागवानाच्या पाचरी तासून ठेवल्या होत्या, आणि सासूबाई दरवर्षी त्या पायऱ्यांखाली सारायच्या. रोज संध्याकाळी आजूबाजूच्या बायका यायच्या, कोलूपुढे एकेक गाणं म्हणायच्या आणि सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, घेऊन जायच्या. विजयादशमीच्या सकाळी सासरे गिटार वाजवायचे. ही त्या गल्लीची रीतच पडून गेली होती. त्याआधी सूर ताळ्यावर यायला हवा होता.

नव्या ब्रिजची भोकं जुन्याशी जुळली नाहीत. मी जुनी भोकं लाकडाच्या काड्या आणि गोंद घालून बुजवली, गोंद वाळू दिला, आणि सरस्वतीपूजेच्या आदल्या दुपारी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून ड्रिल हातात घेतलं. त्या लाल लाकडावर ड्रिलचं टोक मी तीनदा टेकवलं आणि तीनदा उचललं. एकदा भोक पाडलं की मागे फिरायची वाट नव्हती. जुना ब्रिज पुन्हा बसणार नाही, आणि सूर तरीही हलला तर दोष द्यायला जुनं काही शिल्लक राहणार नाही.

"काय म्हणून इतकं भितां?" सासरे म्हणाले. "मी धरतो. मारा."

त्यांनी दोन्ही हातांनी गिटार टेबलावर दाबून धरली. मी ड्रिलकडे पाहायच्या ऐवजी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. उजवा हात दगडासारखा होता, एक बोट हलत नव्हतं. मला इतका आनंद झाला की पहिलं भोक मी एका दमात पाडलं. वाटलं, कॉम्प्युटरवर वाचलेलं सगळं झूट. पुढची भोकंही सरळ उतरली. गरम लाकडाचा वास सुटला आणि सासरे भुसा फुंकरीने उडवत मला शाबासकी देत होते. काम धरलं की हा कंप थांबतो, असंही त्या पानांवर लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं आणि त्या क्षणी ते आठवायचं नाकारत होतो.

ब्रिज बसला, स्प्रिंगा ओढून बसल्या, तारा चढल्या. सासऱ्यांनी वायर लावली आणि एक जुनी चाल धरली. सूर स्वच्छ आणि सरळ. स्वयंपाकघरातून सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी टेबलावरची चादर आवरायला घेतली. मग चाल संपवताना त्यांनी शेवटचा सूर लांबवला. तार छेडून झाली, आता उजव्या हाताला काम उरलं नाही. तो सवयीने ब्रिजवर विसावला.

आणि सूर हलू लागला. नवा ब्रिज जुन्याहून हलका चालत होता, त्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त हलत होता. बारीक, भरभर, थांबायचं नाव नाही. आपल्या हातांनी आपण नीट कामाचं यंत्र बसवलंय आणि ते नीट काम करून खरं तेच सांगतंय, हे मला कळत होतं. सासऱ्यांनी तारांवर पंजा ठेवून आवाज बंद केला.

"नवं आहे," ते म्हणाले. "बसायला वेळ लागतो."

"हो, हो. उद्या स्क्रू पुन्हा आवळतो."

"उद्या कसं?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या पूजा. सगळं आजच मांडायचं आहे."

आमच्याकडेही खंडेनवमीला पाना-पक्कड पुजतात. पण दुपारी कुठे नळ गळला तर त्याच गंध लावलेल्या पान्याने नट पिळतात आणि देवाला त्याचं काही वाटत नाही. इथे तसं नव्हतं. पूजेला ठेवलेल्या वस्तूला विजयादशमीपर्यंत हात लावायचा नाही. सासूबाईंनी गिटार उचलली आणि वीणा घेतलेल्या बाहुलीशेजारी उभी केली. मग माझा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, ड्रिल सगळं गोळा केलं. शेजारच्या पोरांची पाठ्यपुस्तकं, घरातले शब्दकोश, बायकोचा कॅल्क्युलेटर. सगळ्यांना चंदन आणि कुंकवाचे ठिपके लागले. मी ड्रिलकडे पाहत राहिलो. आता एक अख्खा दिवस काही दुरुस्त करता येणार नव्हतं, आणि सासऱ्यांच्या हातालाही एक अख्खा दिवस काही काम नव्हतं.

तो दिवस मी कसा काढला ते मला विचारू नका. वाचायचं नाही, वाजवायचं नाही, त्यामुळे सासरे कोलूसमोर चटईवर बसून राहिले आणि हात मांडीवर. घरात माणसांची ये-जा होती. जो तो त्यांच्याशी बोलत होता, त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. मी कुठेही असलो तरी माझी नजर त्या हातावर. कुणी त्यांच्या हातात विडा दिला की मला बरं वाटायचं, संपला की दुसरं काय देता येईल ते मी शोधायचो. एकदा तर मी उगाचच त्यांना पाणी नेऊन दिलं. नुकतंच प्याले होते, तरी त्यांनी घेतलं आणि माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

संध्याकाळी बायका जमल्या. त्यांच्यात पलीकडच्या घरातल्या मामी होत्या. मामी चांगल्या गायच्या, पण त्यांचा ताल कच्चा, आणि हे त्यांना स्वतःलाच ठाऊक होतं. म्हणून त्या कायम सासऱ्यांच्या समोर बसून गायच्या. सासरे मांडीवर ताल धरायचे, त्या हाताकडे बघत मामी सुखरूप पार पडायच्या. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. मामींनी गाणं सुरू केलं, सासऱ्यांनी ताल धरला, टाळी, बोटं, सगळं व्यवस्थित. गाणं रंगलं. मामींनी डोळे मिटले. सासऱ्यांनीही डोळे मिटले आणि ऐकता ऐकता त्यांचा ताल थांबला. हात मांडीवर उताणा पडून राहिला, आणि मग तो आपला आपणच सुरू झाला.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, मामी, डोळे उघडू नका. पण त्यांनी उघडले. सवयीने त्यांची नजर हातावर गेली आणि त्यांनी तिथून ताल उचलला. गाणं एकदम पळायला लागलं. मामी गोंधळल्या, पुन्हा हाताकडे पाहिलं, आणखी पळाल्या, एका ओळीत शब्द गिळले, अडखळल्या आणि थांबल्या. मामी एकटक त्या हाताकडे पाहत होत्या. मग एकेक करून सगळ्याच जणी पाहू लागल्या. मैलापुरातल्या बायकांना ताल कुठला आणि ताल नव्हे ते काय, हे कुणी शिकवायला लागत नाही.

गाणं थांबलं म्हणून सासऱ्यांनी डोळे उघडले. त्यांनी आधी मामींचं तोंड पाहिलं, मग बाकीच्यांची, आणि मग सगळ्यांच्या नजरा होत्या तिथे, स्वतःच्या मांडीवर पाहिलं.

"मी पुढची ओळच विसरले बघा," मामी तमिळमध्ये म्हणाल्या आणि फार मोठ्याने हसल्या.

सासऱ्यांनी डावा हात उजव्यावर ठेवला. "सुंडल द्या की सगळ्यांना," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात बायको द्रोणांत सुंडल भरत होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. तिने न वळताच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"भीती होती," मी म्हणालो. "मला कशाचीही असतेच ना."

तिने चमचा खाली ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर बायका नको इतक्या मोठ्याने कोलूतल्या क्रिकेट टीमचं कौतुक करत होत्या. थोड्या वेळाने तिने तोंड धुतलं, आणि आम्ही दोघांनी द्रोण बाहेर नेले.

विजयादशमीच्या सकाळी सासूबाईंनी पूजा उतरवली. शेजारपाजारची माणसं यायला अजून अवकाश होता. सासऱ्यांनी गिटार आणि स्क्रू ड्रायव्हर दोन्ही घेतले आणि मला आतल्या खोलीत बोलावलं. गिटारवर कुंकवाचा ठिपका तसाच होता.

"हा ब्रिज मुळीच हलू नये, असं करतां येतं?"

"येतं. पोटातल्या खोबणीत दोन्ही बाजूंनी लाकूड ठासलं की जागचा हलणार नाही. पण मग दांडीचा उपयोग राहणार नाही."

"दांडी नको."

मी पाठीमागचं झाकण उघडायला लागलो. ते पलंगाच्या कडेला बसून पाहत होते.

"स्प्रिंगा थकल्या नव्हत्या. होय की नाही?"

"नव्हत्या," मी म्हणालो.

"मज ठाऊक होतं." ते म्हणाले. "कैक दिवस ठाऊक. तरी म्हटलं, नवं घालून पाहूं. लोखंडाचाच दोष निघेल, कोण जाणे."

मी मान खाली घालून स्क्रू काढत राहिलो. मला वर पाहायचा धीर नव्हता.

"मज भय वाटतं," ते म्हणाले.

झटके खात गाणं पुरं करणाऱ्या या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. जावयाने सासऱ्याला धीर द्यावा असं काहीतरी मला सुचायला हवं होतं. सुचलं ते असं, "मलाही वाटतंय अप्पा. केव्हापासून वाटतंय." त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पुरलं असावं, कारण ते उठले, कोलूपाशी गेले आणि उरलेल्या सागवानी पाचरी घेऊन आले. चाकूने त्यांनी त्या स्वतःच तासल्या. काम असलं की हात ऐकत होता. आम्ही दोघांनी मिळून त्या खोबणीत ठासल्या, आणि तराजू कायमचा बंद केला.

माणसं जमली. मामीही आल्या आणि पुढे न बसता दाराशी बसल्या. सासऱ्यांनी वाजवायला घेतलं. शेवटचा सूर त्यांनी लांबवला, नेहमीपेक्षाही जास्त लांबवला, आणि तळवा ब्रिजवर टेकवला. तळवा हलत होता. सूर हलत नव्हता. सरळ, पहाटेच्या रिकाम्या रस्त्यासारखा तो दाराबाहेर गेला. बाकीची माणसं सूर ऐकत होती. बायको, सासूबाई आणि मी, आम्ही तिघं हात पाहत होतो. मला एकाच वेळी इतकी भीती आणि इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, यंदा आवाज काय स्वच्छ झालाय, नवीन पार्ट चांगला बसला. सासरे म्हणाले, "आमच्या माप्पिळ्ळैने बसवला."

त्याच आठवड्यात आम्ही एग्मोरला स्टेशनच्या मागच्या गल्लीत एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याबरोबर कुणी जायचं हा प्रश्न निघाला तेव्हा बायको तयार होती, पण सासरे म्हणाले, माप्पिळ्ळै येतील. आत गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात मांडीवर सैल सोडून शंभरापासून उलटे आकडे म्हणायला सांगितलं. सासरे तमिळमध्ये उलटं मोजू लागले, आणि जसजसं त्यांचं लक्ष आकड्यांत गुंतलं, तसतसा उजवा हात चालू झाला. डॉक्टरांनी पाहिलं, मान डोलावली, आणि पेन उचलून विचारलं, "हे कधीपासून आहे?"

मला वाटलं, ते म्हणतील, परवापासून. किंवा म्हणतील, काही नाही हो, ताल धरायची सवय आहे. डाव्या हाताने त्यांनी आता माझं मनगट घट्ट धरलं होतं. ते म्हणाले,

"यांना विचारा. आमच्या घरी घाबरायचं खातं यांच्याकडे आहे. यांनी सगळ्यात आधी पाहिलं असेल."

या वेळी त्यात चेष्टा नव्हती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला लागलो. टीव्हीसमोरची खुर्ची, बातम्या लागल्या तरी तीच गती, टंबलर उचलला की थांबायचं आणि ठेवला की सुरू, रात्री की दिवसा, उजव्याच हाताला की डाव्यालाही, सगळं. डॉक्टर भरभर लिहून घेत होते आणि मध्येच थांबवून आणखी विचारत होते, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. सासरे माझ्याकडे पाहत एकेक शब्द ऐकत होते, आणि माझं मनगट त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.